आटे बसले म्हणजे जोड जुळला असं नाही

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की माळेगाव बुद्रुक आणि आसपासच्या ऊसपट्ट्यात हायड्रोलिक होज ही रोजची गरज होते. तोडणी यंत्राचा होज फुटतो, ट्रॉलीच्या जॅकचा गळतो. बारामतीत नेला की नवा होज क्रिंप करून मिळतो आणि काम पुढं चालू लागतं. ही सोय मोठी आहे, पण तिच्यामुळं एक गैरसमजही पक्का होतो. होज काय, कधीही मिळतो, असा. मग जुनी रेसिंग गाडी मूळ रूपात उभी करायला घेणाऱ्यालाही वाटतं, इंजिन आणि गिअरबॉक्स हीच खरी कामं, होज आणि त्याची फिटिंग शेवटी बघू. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. फिटिंगची ओळख पटवणं हे सुरुवातीचं काम आहे, आणि ती ओळख आटे बसतात की नाही एवढ्यावर कधीच ठरवू नये.

याचं कारण जुन्या काळात आहे. १८४१ साली इंग्लंडात व्हिटवर्थ या अभियंत्यानं ५५ अंशांचे आटे ठरवले. १८६४ साली अमेरिकेत सेलर्स या अभियंत्यानं ६० अंशांचे सुचवले. आपल्या विहिरीवरच्या जीआय पाइपला आजही त्या ब्रिटिश वळणाचेच आटे असतात. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी स्क्रूच्या आट्यांचं एक समान माप मान्य केलं ते १९४८ साली, पण पाइपचे आटे तरीही वेगळेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कर आणि नौदलानं विमानांसाठी ३७ अंशांच्या सीटची, म्हणजे जोडाचे दोन भाग एकमेकांवर टेकतात त्या उताराची, फिटिंग ठरवली, ती पुढं रेसिंग गाड्यांनी उचलली. युरोपात मेट्रिक माप चालत होतं. आपल्याकडं तर हे सगळं एकत्र आलं. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर धावलेल्या कित्येक गाड्या हाती बांधलेल्या होत्या. फियाटचं इंजिन, स्टँडर्ड हेराल्डचे भाग, बाहेरून आलेला एखादा ऑइल कूलर. अशा गाडीत तीन देशांचे आटे एका हाताच्या अंतरावर सापडू शकतात. तेव्हा ‘गाडी कुठल्या कंपनीची’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी ‘हा नट कुठल्या मापाचा’ हा प्रश्न सुटत नाही. जुन्या मॉरिसच्या काही इंजिनांत तर बोल्टचं डोकं व्हिटवर्थच्या पान्याचं आणि आटे मेट्रिक. पाना बसला यावरूनही काही ठरत नाही.

खरा धोका अगदीच वेगळ्या मापांचा नसतो, कारण ती बसतच नाहीत. धोका जवळजवळ सारख्या मापांचा असतो. अर्धा इंची ब्रिटिश पाइप आणि अर्धा इंची अमेरिकन पाइप, दोन्हींना इंचाला १४ आटे. काही फेरे सहज जातात, मग आवळतं, आणि हाताला वाटतं की घट्ट बसलं. पण एकाचा कोन ५५, दुसऱ्याचा ६०. आट्यांच्या कडेनं नागमोडी वाट मोकळी राहते आणि तेल तिथूनच झिरपतं. ३७ अंशांची आठ नंबरची फिटिंग आणि ४५ अंशांची अर्ध्या इंची नळीची फिटिंग घ्या. दोन्हींचे आटे पाऊण इंची, इंचाला १६. नट शेवटपर्यंत जातो. मात्र आत सीटला सीट पूर्ण टेकत नाही, एका बारीक कड्यावर टेकते. जोड थंड असताना कोरडा दिसतो, गाडी थरथरली आणि तापली की सुटतो. ब्रेकचं तर आणखी वाईट. १० मिलिमीटर, एक मिलिमीटर पिचच्या भोकात तीन अष्टमांश इंची, २४ आट्यांचा नट सैलसर का होईना शिरतो. त्याची जाडी ९.५२ मिलिमीटर, म्हणजे आट्यांची पकड वरवरची. जोरात पेडल दाबलं की ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ७०-८० किलोचा आणि त्याहून जास्त दाब येतो. ती वरवरची पकड तिथं किती टिकेल, याचा विचार गाडी रस्त्यावर काढण्याआधी व्हायला हवा.

म्हणून जुनी फिटिंग, कितीही गंजलेली असो, फेकू नये. होज कुजला असेल तर बाहेरची स्लीव्ह लांबीत चिरून काढावी, म्हणजे आतला निपल शाबूत राहतो. रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं आटे उघडे करावेत. मग व्हर्नियरनं बाहेरची जाडी मोजावी आणि पिच गेज आट्यांत धरून उजेडाकडं करून बघावं. पात्याच्या आणि आट्याच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर ते माप नव्हे. पाव इंची ब्रिटिश पाइपचा आटा मोजला तर १३.१६ मिलिमीटर भरतो, पाव इंचाच्या दुपटीहून जास्त. पाइपच्या आट्याचं नाव आतल्या भोकावरून पडलं आहे, हे ठाऊक नसेल तर पहिल्याच मापाला माणूस गोंधळतो. झिजलेला आटा नेहमी कमी भरतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजावं. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात नीट, सीट बघावी: बाहेर आलेला कोन की आत गेलेला, किती अंशांचा, की सीटच नाही आणि तांब्याच्या वॉशरवर बसणारा बंजो बोल्ट आहे. हे सगळं कागदावर लिहून, तो जुना तुकडा खिशात घालूनच पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जावं. नुसता फोटो दाखवून माल मागवणं म्हणजे कोनाचा अंदाज दुकानदारावर सोडणं.

यावर जाणते मेकॅनिक म्हणतील, टेफलॉन टेप आणि दोरा लावून आम्ही आयुष्यभर गळती थांबवली आहे. खरं आहे, पण ती पाण्याच्या लाइनीवर. निमुळत्या पाइप-आट्यांत टेप आट्यांमधली फट भरते. सीटवर बसणाऱ्या जोडात आटे फक्त दाबून धरतात, गळती थांबवते ती सीट. तिथं टेपचा उपयोग शून्य, आणि तिचा एखादा धागा सुटून ब्रेकच्या झडपेत अडकला तर नुकसान मोठं. दुसरे म्हणतील, आपला टर्नर लेथवर हुबेहूब काढून देईल. देईल, आणि कूलंटच्या किंवा कमी दाबाच्या जोडासाठी मी त्याचं कौतुकच करीन. ब्रेकसाठी नको: धातूचा दर्जा आणि सीटची घोटाई डोळ्यांनी तपासता येत नाही. तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. सगळीच फिटिंग नव्या मापाची करून टाकावी, सुरक्षितही आणि स्वस्तही. पण त्यासाठी जुन्या कास्टिंगमध्ये नवे आटे मारावे लागतात, आणि एकदा मारले की मूळ भोक परत येत नाही. अडॅप्टर लावला तर गळायला एक जागा वाढते. त्यापेक्षा मूळ मापाची टोकं ठेवावीत आणि होज मात्र नवा घालावा.

होजच्या बाबतीत जुन्याचा आग्रह चुकीचाच. पाकीटबंद, न वापरलेला १९७०चा होज ऐकायला मौल्यवान, पण त्याचं रबर पन्नास वर्षांहून जुनं झालेलं असतं. तो भिंतीवर टांगावा. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते आपल्याच उसातूनही येतं. जुन्या घडणीचं रबर त्यात फुगतं, मऊ होतं, भेगाळतं. इंधनाला इथेनॉल सोसणारा होज घ्यावा. ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असेल तर ते सोसणाऱ्या रबराचा, आणि तोच होज खनिज तेलाला कधी लावू नये.

जोडणी झाल्यावर प्रत्येक जोडाखाली कोरा पांढरा कागद ठेवावा, पेडल दाबून आधारानं तसंच अडकवावं आणि रात्रभर सोडावं. इंजिन चालू करून तेलाच्या लाइनी तपासताना बोट फिरवू नये. सुईएवढ्या भोकातून सुटलेली दाबाची धार कातडीत घुसते, वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावं लागू शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून फिरवावा. पुठ्ठा ओला झाला की आधी इंजिन बंद, मग पाना.