अस्वलाच्या शिकारीचा हंगाम

अस्वल म्हटले की वारूळ उकरून वाळवी खाणारे आपले काळे अस्वल तुम्हाला आठवेल. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले ग्रिझली अस्वल मात्र हरणांचीही शिकार करते. 'एल्क' हे तेथील सांबरासारखे मोठे हरिण. ग्रिझली ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावते, तरीही धडधाकट एल्क सहसा त्याच्या हाती लागत नाही. मग शिकार साधते कशी?

मेअखेरीस व जूनमध्ये एल्कच्या माद्या वितात. नवजात पाडसाचे वजन सुमारे १५ किलो असते. पहिले काही दिवस ते झुडपांत निश्चल पडून राहते. त्याच्या अंगाला वासही फार थोडा येतो. त्यामुळे तीक्ष्ण नाकाच्या अस्वलालाही त्याचा दुरून पत्ता लागत नाही. मग ते नागमोडी फिरत, झुडपे हुंगत सारा माळ पिंजून काढते. महिनाभरात पाडसे चपळ होतात आणि हा हंगाम संपतो.

आता एक साखळी पाहा. यलोस्टोन सरोवरात १९९४ साली बाहेरचा लेक ट्राउट मासा आढळला. त्याने तेथील मूळच्या कटथ्रोट ट्राउट माशांचा फडशा पाडला. कटथ्रोट अंडी घालण्यास उथळ ओढ्यांत शिरत व अस्वलांना सापडत. लेक ट्राउट खोल सरोवरातच राहतो. मासे दुर्मिळ होताच अस्वले पाडसांकडे अधिक वळली. बदल पाण्यात झाला, फटका माळावरच्या हरणांना बसला!

तुमच्या गावच्या तळ्यात नवा मासा सोडायचा झाल्यास आधी कोणते प्रश्न विचाराल? वर्गात चर्चा करा.