ओड : कुणाला तरी उद्देशून लिहिलेली कविता

इंग्रजी कवितेला 'ओड टू अमुक' असं नाव दिसलं की समजायचं, कवी कुणाशी तरी बोलतोय. ओड म्हणजे एखाद्याला उद्देशून, त्याचा गौरव करणारी कविता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच गाणे.

इ.स.पूर्व 5व्या शतकात पिंडार हा ग्रीक कवी ऑलिंपिकसारख्या स्पर्धांतील विजेत्यांवर ओड लिहीत असे. त्या नुसत्या वाचायच्या नव्हत्या बरं का, समूहाने नाचत गायच्या! पुढे रोमन कवी होरेसने हा सूर शांत, घरगुती केला. 1819 मध्ये इंग्रज कवी कीट्स नाइटिंगेल पक्ष्याशी आणि एका ग्रीक कलशाशी बोलला. आणि 1954 च्या संग्रहात चिलीच्या पाब्लो नेरुदाने चक्क कांद्याचा गौरव केला. विजेत्या राजापासून कांद्यापर्यंत! मला हीच या प्रकाराची खरी कमाई वाटते.

आपल्याकडे सावरकरांचं 'जयोस्तुते' स्वातंत्र्याला देवी मानून असंच बोलतं.

चौथीच्या वर्गात मी एकदा सांगितलं, 'घरातल्या एका वस्तूशी बोला.' एरवी निबंधात दोन ओळींवर थांबणाऱ्या मुलीने ऊसतोडीला जाणाऱ्या आईच्या कोयत्याला पानभर लिहिलं. पहिलीच ओळ होती, 'तुला धार लावतात, आईच्या हाताला फोड येतात.'