क्रीडासंचालक डॉ. नेस्मिथ

बास्केटबॉल या खेळाचे जनक म्हणून डॉ. जेम्स नेस्मिथ यांचे नाव जगभर घेतले जाते. त्यांच्या आयुष्याची बहुतेक वर्षे मात्र महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शारीरिक शिक्षणाची जबाबदारी सांभाळण्यात गेली.

नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडात झाला. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. आजी व मामा यांनी सांभाळ केला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि हा मुलगा जंगलात लाकूडतोडीला जाऊ लागला. काही वर्षांनी तो त्याच शाळेत परतला. आपल्याहून लहान मुलांबरोबर बसून शिकणे सोपे नसते, हे या पाठाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. १८८३ मध्ये त्याने मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात प्रवेश मिळवला. तेथे पदवी घेतल्यानंतर धर्मशास्त्राचा अभ्यास करीत असतानाच नेस्मिथ विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे काम पाहू लागले. भावी धर्मोपदेशकाने मैदानात रमावे, हे घरच्यांना रुचले नाही. त्यांनी तरीही मैदानच निवडले.

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे शिकवत असताना डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी सज्जाला पीचच्या फळांच्या टोपल्या अडकवून आणि १३ नियम लिहून बास्केटबॉल सुरू केला. पुढे ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. १९३७ मध्ये ते निवृत्त झाले.

तेथील बास्केटबॉल संघाचे ते पहिले प्रशिक्षक होते. १९०७ पर्यंत त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. खेळाच्या जनकाच्या नावावर विजयांपेक्षा पराभव अधिक, ही गंमतच म्हणायची! त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनी पुढे त्याच विद्यापीठाला शेकडो विजय मिळवून दिले. बास्केटबॉल खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असे नेस्मिथ यांचे मत होते. ॲलन यांनी ते कृतीने खोडून काढले. नेस्मिथ यांचा ओढा संघातल्या मोजक्या खेळाडूंपेक्षा सर्व विद्यार्थ्यांच्या आरोग्याकडे होता.

या भूमिकेची खरी परीक्षा १९३३ नंतर झाली. जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण शारीरिक शिक्षण शिकण्यासाठी कॅन्ससला आला. वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात त्याला स्थान नव्हते. पदवीसाठी पोहता येणे आवश्यक होते. पण तरणतलाव कृष्णवर्णीयांना बंद असल्याने त्यांना पाण्यात न उतरताच उत्तीर्ण केले जाई. ही सवलत वरवर उदार वाटते; तिच्यातला अपमान मॅक्लेंडनने ओळखला. सर्वांप्रमाणे पोहूनच उत्तीर्ण होण्याचा आग्रह त्याने धरला आणि सत्तरी ओलांडलेले नेस्मिथ त्याच्या पाठीशी उभे राहिले. अखेर तलाव कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीही खुला झाला. संघाचे दार मात्र मॅक्लेंडनसाठी उघडले नाही. १९३६ साली तो पदवीधर झाला. त्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला आणि तो सोहळा पाहण्यासाठी नेस्मिथ तेथे उपस्थित होते.

१९३९ मध्ये नेस्मिथ यांचे निधन झाले. ज्याला संघात घेतले गेले नव्हते, तो मॅक्लेंडन प्रशिक्षक झाला. त्याच्या टेनेसीतील महाविद्यालयीन संघाने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे एका राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद पटकावले.