थंडीचं काम उन्हात उरका

बाळा, चाकणची कंपनी सोडून तू शिनोलीला शेती बघायला आलास, याचं मला फार समाधान आहे. तुझा रानातला पहिला हिवाळा तोंडावर आलाय, म्हणून एकच गोष्ट कानात घालतो. थंडीचं काम उन्हात उरकायचं. रात्री दोनला बॅटरी घेऊन पळालं तर हाती फारसं काही लागत नाही. दुपारी चारच्या आत केलेलं कामच रात्री उपयोगी पडतं.

आधी थंडी येते कुठून ते समजून घे. दिवसभर जमीन ऊन साठवते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की रात्री ती ऊब सरळ वर निघून जाते. ढग असले तर त्यातली बरीच परत खाली येते, म्हणून ढगाळ रात्री गारठा कमी. जमिनीलगतची गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साचते. आपल्या वरच्या अंगाला डोंगर, खाली घोड नदी. त्यामुळे नदीकडच्या वाफ्यांत थंडी आधी उतरते आणि उशिरा जाते. कांद्याचं रोप टाकायचं तर वरच्या तुकड्यात टाक. खालच्या बांधावर शेवरीची दाट भिंत असेल तर तिथे गार हवा तुंबते, म्हणून हिवाळ्याआधी तिच्यात दोन-तीन ठिकाणी वाट मोकळी कर. वाऱ्याच्या अंगाची झाडं मात्र राहू दे.

मोबाईलवरच्या आकड्यावर विसंबून राहू नकोस. हवामान खात्याचा थर्मामीटर सावलीच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर किंवा त्याहून वर असतो. रोपाचं पान उघड्या आभाळाखाली असतं आणि शांत रात्री ते त्या आकड्यापेक्षा काही अंश जास्त गार होतं. साधा थर्मामीटर आण, रोपाच्या उंचीवर काठीला बांध आणि पहाटेचा आकडा वहीत लिही. खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवरही दिसतो. तो वाचून पुढच्या चार दिवसांचं काम ठरव. अडलं तर नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, तिथे विचार.

आता पाणी. कोरड्या मातीच्या पोकळीत हवा असते, त्यामुळे तिच्यात ऊब साठतही नाही आणि रात्री वरही येत नाही. ओली माती दिवसा ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. म्हणून थंडीची लाट यायच्या आदल्या दिवशी, सकाळी किंवा दुपारी, हलकं पाणी दे. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, ते तळ्यातल्या किंवा टाकीतल्या पाण्यापेक्षा बरं. संध्याकाळी तुषार सिंचन लावून पानं मात्र भिजवू नकोस. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे 600 कॅलरी उष्णता ओढून घेतं, आणि ती पानातूनच जाते. बर्फ पडणाऱ्या देशांत बागांवर रात्रभर तुषार चालवतात. तिथे पाणी गोठताना दर ग्रॅमला 80 कॅलरी बाहेर पडतात, त्यावर कळी वाचते. आपल्या रानात पाणी तसं गोठत नाही, म्हणून ती नक्कल इथे नुकसानीची.

दिवसा दारं धरण्याचं दुसरं कारण तू जाणतोसच. आपला जुन्नर-आंबेगावचा मुलूख बिबट्याचा. उसाची तोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो आणि तो बांधाबांधाने फिरतो. थ्री फेज लाईट रात्रीचीच असेल आणि जाणं टळतच नसेल, तर जोडीने जा, बॅटरी चालू ठेव, मोठ्याने बोलत राहा. सरीत वाकून किंवा खाली बसून काम करू नकोस. बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. पिकाचं चार आणे नुकसान झालं तरी चालेल, जिवाची जोखीम नको.

थंडीच्या लाटेच्या तोंडावर खुरपणी, कोळपणी करू नकोस. तण काढायचंच तर आठवडाभर आधी काढ, म्हणजे माती परत बसते. भुसभुशीत मातीतही हवाच असते. रोपांच्या मध्ये पाचटाचं जाड आच्छादन असेल तर तेवढ्या रात्रींपुरतं बाजूला सार, कारण ते जमिनीची ऊब खालीच अडवतं. युरियाही त्या आठवड्यात हात राखून टाक. कोवळी, लुसलुशीत वाढ थंडीला पहिली बळी पडते.

रोपवाटिकेवर कापड घालायचं ते सूर्य मावळायच्या आधी, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. अंधार पडल्यावर घातलं तर निम्मा फायदा गेला. बांबूच्या कमानी कर आणि कापड पानाला टेकू देऊ नकोस. जिथे टेकतं तिथेच पान करपतं. सकाळी ऊन चढलं की काढ, नाहीतर आत ओल कोंडून रोग येतो. द्राक्षवाले पाहुणे विचारतील तर सांग, पांढऱ्या जातींत मणी गुलाबी होऊ नयेत म्हणून घडाला कागद लावतात, तोही थंडी वाढायच्या आधीच लावावा लागतो.

शेकोटीबद्दल जुना समज आहे, की धूर केला म्हणजे पीक वाचतं. धुराचं पांघरूण फारसं कामाचं नाही, ऊब देते ती आग. मोठा जाळ एका जागी केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते. बांधावर लहान लहान शेकोट्या ठेव, आणि लाकडं दिवसा रचून ठेव. पाचट पेटवून रान मात्र जाळू नकोस.

उघड्यावरच्या मोटरीचं कामही दिवसाचंच. आपल्याकडे पाईपात बर्फ होत नाही, पण पहाटेचं दव स्टार्टरच्या पेटीत शिरतं, पॉइंटवर ओल धरते आणि बटण दाबताच चरचर आवाज येतो. दुपारी मेन स्विच बंद करून पेटी उघड. केबल खालच्या बाजूने आत येते का बघ, उंदीर-पाली शिरतील अशी भोकं बुजव, दाराचं रबर तपास आणि अर्थिंगची तार घट्ट कर. मोटरीवर पत्र्याचं छप्पर पुरे. प्लास्टिक गुंडाळून तिचा दम कोंडू नकोस, आत ओल साठते आणि चालताना मोटर तापते. ओल्या हाताने, अनवाणी स्टार्टरला शिवायचं नाही. पहाटे ठिबकच्या नळ्या ओढू नकोस, गारठ्यात त्या ताठ असतात. उन्हाने जुने झालेले पीव्हीसी पाईपही थंडीत धक्क्याने तडकतात. हे काम दुपारचं.

गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने गोणपाट लाव, वरची हवा मात्र मोकळी ठेव, नाहीतर मुताचा वास कोंडून वासरं खोकायला लागतात. जमीन कोरडी ठेव. संध्याकाळी कडबा थोडा वाढव. जनावर चारा पचवत असताना त्याच्या पोटात ऊब तयार होते आणि ती रात्रभर पुरते.

दिवाळी झाली की गोणपाट, कापड, कमानी, थर्मामीटर, लाकडं सगळं एका जागी आणून ठेव. खालच्या वाफ्याला पहिला नंबर दे. आणि शेजारच्या बांधावरच्यालाही सांग, कारण वरच्या रानातली गार हवा त्याच्याच रानातून पुढे जाते. दोघांनी मिळून आधीच वाट काढून दिली तर दोघांचंही रोप वाचेल.