लाकडी धनुष्य : निवड आणि निगा



सुट्टीतल्या शिबिरांत आणि काही शाळांत आता तिरंदाजी शिकवली जाते. मग चार दिवसांनी घरी हट्ट सुरू होतो, "मला खरं धनुष्य हवं!" ते घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर कसं जपायचं, हे या पाठात पाहू. उदाहरणासाठी इंग्लंडचं पारंपरिक लाँगबो घेऊ. त्याला कप्प्या नाहीत, धातूचे भाग नाहीत. एक लाकूड आणि एक दोरी. त्यामुळे त्याचे बहुतेक नियम आपल्याकडच्या बांबूच्या धनुष्यालाही लागू पडतात.

थोडा इतिहास

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं 'मेरी रोझ' हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडालं. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढला. जहाजावर शंभराहून अधिक अखंड लाँगबो आणि हजारो बाण सापडले. धनुष्यांची लांबी साधारण दोन मीटर. ओढायला लागणारा जोर अनेकांच्या बाबतीत १०० पौंडांहून जास्त असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जहाजावर सापडलेल्या काही माणसांच्या खांद्याच्या हाडाचं टोक मूळ हाडाशी जुळलेलंच नव्हतं. वाढत्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असं काही संशोधक मानतात. त्या काळी ती युद्धाची गरज होती. आपल्या मुलांना तशी कोणती गरज आहे? म्हणून निवडीचा पहिला नियम असा : धनुष्य अंगाच्या ताकदीनुसार घ्यायचं, हौसेनुसार नाही.

लाकडाचं विज्ञान

धनुष्य वाकतं तेव्हा तिरंदाजापासून लांबची बाजू ताणली जाते आणि त्याच्याकडची बाजू दाबली जाते. लाँगबोसाठी 'यू' या झाडाचं लाकूड नावाजलेलं आहे. त्याचा सालीलगतचा फिकट भाग ताण चांगला सोसतो आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणून कारागीर फिकट भाग बाहेरच्या बाजूला आणि गाभा आतल्या बाजूला ठेवतो. एकाच ओंडक्यात निसर्गाने दोन प्रकारचं लाकूड जोडून दिलंय! याच झाडाचा हिमालयातला भाऊबंद उत्तराखंडात 'थुनेर' म्हणून ओळखतात. यूशिवाय ॲश, एल्म आणि हिकरीच्या लाकडाचीही लाँगबो बनतात.

निवडताना काय पाहाल?

१. ओढीची लांबी : दोन्ही हात आडवे पसरा. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला २.५ ने भागा. अंतर १४० सें.मी. असेल तर १४० ÷ २.५ = ५६ सें.मी., म्हणजे सुमारे २२ इंच. हा अंदाज आहे, पण सुरुवातीला पुरेसा.

२. ओढीचा जोर : धनुष्यावर '३० पौंड, २८ इंच' असं लिहिलेलं असतं. म्हणजे २८ इंच ओढल्यावर ३० पौंड जोर लागतो. कमी ओढलं तर जोरही कमी. नवशिक्या मोठ्या माणसाला २५ ते ३५ पौंड पुरे. मुलांना वय आणि ताकद पाहून १० ते २० पौंड. ओढताना मूल मागे झुकत असेल, हात थरथरत असेल, तर ते धनुष्य त्याच्यासाठी जड आहे.

३. धनुष्याची लांबी : लाँगबो साधारण वापरणाऱ्याच्या उंचीएवढं किंवा थोडं जास्त असावं. लांबीच्या मानाने फार ओढलं की लाकूड मोडतं.

४. लाकूड : रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावतात का ते पाहा. आडवी चीर दिसली तर ते धनुष्य घेऊच नका. दोरी चढवून लांबून बघा. दोन्ही बाजूंचा बाक हळूहळू आणि सारखा हवा, एकाच जागी कोन पडलेला नको.

निगा कशी राखाल?

• काम झालं की दोरी उतरवा. सतत वाकलेल्या लाकडाला तोच बाक कायमचा बसतो आणि जोर कमी होतो. आपल्या भाषेत 'प्रत्यंचा चढवणे' हा शब्दप्रयोग आहे. सीतास्वयंवरातला पणही शिवधनुष्याला प्रत्यंचा चढवण्याचाच होता. धनुष्य एरवी उतरवूनच ठेवायचं, हे आपल्या भाषेलाही ठाऊक आहे.

• बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची ऊर्जा मग लाकडातच राहते. एकदा असं केलं तरी धनुष्य फुटू शकतं आणि तुकडा तोंडावर येऊ शकतो. मुलं नेमकं हेच करतात, म्हणून हा नियम पहिल्याच दिवशी सांगायचा.

• सुरुवातीला चार-पाच वेळा अर्धवट ओढून हळूहळू परत आणा. थंडीत तर हे हवंच. पूर्ण ओढून बराच वेळ धरून ठेवू नका.

• ऊन, चूल, बंद मोटार आणि ओल यांपासून लांब ठेवा. कोपऱ्यात भिंतीला तिरकं टेकवू नका. दोन खुंट्यांवर आडवं ठेवा.

• पावसाळ्यात भिजलं तर लगेच कोरडं पुसा. लाकडाला अधूनमधून मेणाचा किंवा जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. दोरीला मधमाशीचं मेण चोळा. एक धागा जरी तुटलेला दिसला तरी दोरी बदला.

वर्गासाठी उपक्रम

धनुष्य नसलं तरी हा पाठ घेता येतो. मुलांच्या जोड्या करून हातांची लांबी मोजायला लावा, भागाकार करू द्या. लवचिक पट्टी वाकवून कोणती बाजू ताणली गेली, कोणती दाबली गेली ते विचारा. गणित आणि विज्ञान दोन्ही हातात येतं.

प्रत्यक्ष नेमबाजी मात्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, मोकळ्या जागेतच. आणि घरी परतल्यावर दोरी मुलाने स्वतः उतरवावी, तुमच्या नजरेसमोर. बाण मारायला सगळेच उत्सुक असतात. नंतर धनुष्य पुसून जागेवर ठेवणाऱ्या मुलाच्या हाती मात्र ते अनेक वर्षं टिकतं.