उलटं सुकाणू सुलट करताना

पेण-रोह्याकडच्या तळ्यांवर पायाने चालवायच्या छोट्या बोटींची दुरुस्ती करताना एक तक्रार हमखास येते: "दांडा उजवीकडे नेला की बोट डावीकडे जाते." त्यावरचे हे माझे अनुभवाचे बोल.

१. "होईल सवय" म्हणून उलटी जोडणी चालवून घेऊ नका. समोर अचानक दुसरी बोट आली की हात सायकलच्या हँडलसारखाच वळतो. भाड्याच्या बोटीत तर दर फेरीला माणूस नवा.

२. जोडणारा कोण होता, तेही विचारा; खाडीतल्या होडीची सवय असलेला माणूस उलटं जोडू शकतो. धरमतर खाडीतला तांडेल दांडा डावीकडे ढकलून होडी उजवीकडे वळवतो. त्याचा दांडा थेट सुकाणूच्या माथ्यावर असतो, त्यामुळे ते बरोबरच. मोठ्या जहाजांवरही पूर्वी हुकूम याच हिशेबाने सुटत. १९१२ साली टायटॅनिकवर 'स्टारबोर्ड' म्हणजे उजवीकडचा हुकूम झाला आणि जहाज डावीकडे वळलं, ते तेव्हाच्या रीतीनुसारच. सीटशेजारच्या दांड्याला मात्र ही रीत लावू नये.

३. पाना उचलण्याआधी बोट काठावर घ्या. एकाने सीटवर बसून दांडा उजवीकडे न्यावा. दुसऱ्याने मागे उभं राहून, नाळेकडे तोंड करून पाहावं. पात्याची मागची कड उजवीकडे गेली, तर जोडणी ठीक आहे. मग पेडल उलटे मारले होते का ते विचारा. बोट मागे जाताना सुकाणू उलटंच वागतं.

४. कड डावीकडे गेली, तर जोडणी उलटी आहे. दोन केबल असतील तर मागची टोकं अदलाबदल करा. त्या जिथे एकमेकींवरून जातात तिथे घासून तुटतात, म्हणून प्लॅस्टिकची नळी चढवा. एकच सळई असेल तर सुकाणूच्या माथ्यावरची आडवी पट्टी पाहा. दोन्ही अंगांना भोकं असली तर सळई पलीकडच्या भोकात घाला. नंतर पातं दोन्हीकडे सारखं वळतंय ना, ते बघा.

५. बोट खाडीतही न्यायची असेल, तर तिथल्या पाण्यात जोडणीचे साधे नट लवकर गंजतात. स्टेनलेसचे घ्या.

६. चाचणी तळ्यातच घ्या, कुंडलिका नदीत नको. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेल्या ज्या पाण्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं, तेच पुढे रोह्याला येतं. बोट नुसती प्रवाहाच्या वेगाने वाहत असेल तर सुकाणू पाणी धरत नाही, मग जोडणी कितीही नीट असो.

बोटमालकांना विनंती: पावसाळ्यानंतर बोट पाण्यात घालण्याआधी तिसऱ्या बोलातली तपासणी दरवर्षी करा, आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणालाही बसवू नका.