कठीण खडकात विहिरीची जागा कशी निवडावी?

सिन्नर तालुक्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. जमिनीखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते साठते मुरमात, भेगा-सांध्यांत व सच्छिद्र मांजऱ्या खडकात. त्यामुळे एकाच्या शेतात पाणी लागते आणि बांधापलीकडे विंधण विहीर कोरडी जाते. कर्जाचे हप्ते मात्र चुकत नाहीत. म्हणून खोदाईपूर्वी विद्युत प्रतिरोधकता सर्वेक्षण करून घ्यावे.

मोजणी कशी करतात?

एका सरळ रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीजप्रवाह सोडतात व आतील दोन सळयांमधील विद्युतदाब मोजतात. सळयांमधील अंतर वाढवीत गेल्यास अधिक खोल थरांचा अंदाज येतो. वेन्नर पद्धतीत सळया समान अंतरावर असतात. समजा, हे अंतर १० मीटर असून रोध ०.५ ओहम आला, तर २ × ३.१४ × १० × ०.५ = ३१.४ ओहम-मीटर ही वरपासूनच्या थरांची एकत्रित प्रतिरोधकता होय.

आकड्यांचा अर्थ

कोरड्या, अखंड पाषाणाची प्रतिरोधकता जास्त असते; पाणी धरलेल्या मुरमाची व भेगाळ खडकाची कमी असते. परंतु कमी आकडा म्हणजे पाणीच, असे समजू नये. चिकणमाती, तांबडा गेरू व खारे पाणी यांचाही आकडा कमी येतो. गेरूचा थर ओला असला तरी पाणी सोडत नाही. यंत्र पाणी दाखवीत नाही. थर विजेला किती अडवितो, एवढेच दाखविते. म्हणून थर माहीत असलेल्या जवळच्या विहिरीशेजारी प्रथम मोजणी करावी व त्या आकड्यांशी आपल्या शेतातील आकडे ताडून पाहावेत.

घ्यावयाची काळजी

१) विजेच्या तारा, तारेचे कुंपण व लोखंडी पाइप यांपासून दूर मोजणी करावी.
२) सळया कोरड्या मातीत असल्यास बुडाशी पाणी ओतावे.
३) एकाच जागेवर न थांबता दोन-तीन ठिकाणी मोजणी करून तुलना करावी.
४) ओढे, उतार व परिसरातील विहिरींची उन्हाळ्यातील पातळी यांचीही नोंद घ्यावी.
५) खोलवरची बारीक भेग या पद्धतीने सहसा ओळखता येत नाही. म्हणून केवळ आशेवर खोली वाढवीत जाऊ नये.

पाणी लागल्यावर लगेच फळबाग लावू नये. उन्हाळ्यात पंप चालवून पाणी किती वेळात उपसले जाते व पातळी पुन्हा भरण्यास किती तास लागतात, ते मोजावे आणि त्यानुसार पिकाचे क्षेत्र ठरवावे. सर्वेक्षणाबाबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नाशिक येथील कार्यालयाचा सल्ला घ्यावा. सर्वेक्षणाने पाणी वाढत नाही. ते पावसाळ्यात मुरवावेच लागते. मात्र चुकीच्या जागी होणारा खर्च त्यामुळे निश्चितच कमी होतो.